दोरा तुटला की गाठ सुटली?

आपल्या भाषेला गाठीचे मोठे वेड आहे. लग्न ठरते ती गाठ, दोन माणसे वाटेत भेटतात ती गाठ, शहाणा माणूस मनाशी बांधतो ती खूणगाठ, आणि चार पैसे शिल्लक पडले तर तेही गाठीलाच! प्रत्यक्ष दोऱ्याच्या गाठीचेही मराठीने दोन सरळ वर्ग करून टाकले आहेत. ओढली की सुटते ती सुरगाठ आणि नखे दुखली तरी सुटत नाही ती निरगाठ. जगातल्या साऱ्या गाठी या दोन घरांत बसतात अशी माझी बरेच दिवस समजूत होती. घट्ट बसूनही मोकळी राहणारी अशी एक तिसरी जात असते, हे मला धरमतरच्या खाडीवर कळले; आणि तेही एक चूक करून बसल्यावर.

माझे आजोळ त्या खाडीकाठचे. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, सारा जन्म हातदोरीने गळ टाकण्यात घालवला. मी मात्र शहरातून जाताना नवी काठी, नवे रीळ आणि रंगवलेला एक नकली मासा घेऊन गेलो होतो. आमच्या खारभूमीच्या बांधाला एक उघाडी आहे. ओहोटी लागली की शेताकडचे पाणी तिच्यातून खाडीत उतरते, त्याबरोबर बारीक मासळी येते, आणि तिच्यावर डोळा ठेवून जिताडा खाली दबा धरून बसतो. त्या संध्याकाळी मी घाईघाईने दोऱ्याला नकली मासा बांधला आणि प्रवाहात फेकला. चौथ्या-पाचव्या फेकीला काठी एकदम वाकली. पाण्याबाहेर अर्धा निघून एका चांगल्या थोरल्या जिताड्याने डोके दोन वेळा झटकले आणि दुसऱ्याच क्षणी दोरा माझ्या हातात सैल लोंबू लागला.

मी दोऱ्याला आणि तो विकणाऱ्या दुकानदाराला मनसोक्त नावे ठेवली. आबांनी काही न बोलता दोऱ्याचे टोक बोटांत धरून उजेडाकडे केले. ते काकडीच्या वेलाच्या ताण्यासारखे कुरळे झाले होते.

“दोरा नाय तुटला,” आबा म्हणाले, “गाठ सुटली.” आणि थोडे थांबून म्हणाले, “मासा गेला त्याचं काय नाय रे. तोंडात तुझं खेळणं घेऊन गेला. आता तो खाईल कसा?”

त्या नकली माशाला तीन-तीन टोकांचे दोन गळ होते. आबांचा तो प्रश्न मला पुष्कळ दिवस पुरला. मासा निसटणे हा खेळाचा भाग झाला. परंतु आपल्या हातच्या कच्च्या कामामुळे एक जिवंत प्राणी तोंडात सहा काटे घेऊन फिरत राहावा, हा खेळाचा भाग नव्हे. तेव्हापासून मी गाठीच्या मागे लागलो. जे हाती आले ते येथे मांडत आहे.

प्रथम एक प्रश्न. गळाला कोळंबी लावायची असेल तर साधी घट्ट गाठ चालते. मग नकली माशालाच वेगळी गाठ का? कारण असे की, कोळंबीला वास असतो, चव असते. लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या माशापाशी यांपैकी काहीच नसते. त्याच्यापाशी असते ती फक्त चाल. पाण्यातून ओढताना तो डावी-उजवीकडे डुलतो, मध्येच अडखळतो, आणि या अडखळण्यालाच शिकारी मासा भुलतो.

फिनलंडमध्ये लाउरी रापाला नावाचा एक गरीब कोळी होऊन गेला. तो पाय्यान्ने सरोवरावर मासे धरी. तेथे त्याने एक गोष्ट हेरली होती. मोठा मासा लहान माशांच्या थव्यात शिरतो तेव्हा सगळ्यांवर तुटून पडत नाही. जो लंगडत, हेलपाटत पोहत असतो त्यालाच नेमका उचलतो. १९३६ साली रापालाने बुचाच्या लाकडातून चांभाराच्या सुरीने एक मासा कोरला, त्यावर चॉकलेटचा चंदेरी कागद चढवला, आणि रोगण परवडत नव्हते म्हणून फोटोच्या जुन्या फिल्म वितळवून त्यांचा लेप दिला. तो मासा पाण्यात जखमी मासोळीसारखा हेलपाटे खाई. पुढे त्याच्या नावाची कंपनी जगभर पोहोचली. परंतु मूळ कल्पना एवढीच, की रूपापेक्षा चाल महत्त्वाची.

आता ही चाल बिघडते कशी ते पाहा. जिताड्याच्या तोंडात मोठे सुळे नसतात, पण कानशीसारखे खरखरीत बारीक दात असतात आणि कल्ल्यावरच्या झाकणाची कड सुरीसारखी धारदार असते. म्हणून मुख्य दोरा बारीक असला तरी त्याच्या पुढे हातभर जाड, राठ नायलॉनचा तुकडा जोडावा लागतो. इंग्रजीत त्याला लीडर म्हणतात. हा जाड तुकडा नकली माशाच्या नाकातल्या कडीला घट्ट आवळून बांधला की तो तारेसारखा ताठ उभा राहतो आणि माशाचे नाक धरून ठेवतो. बैलाची वेसण आखडून धरावी तसे होते. मासा डुलायचा थांबतो, काठीसारखा सरळ येतो, आणि खालचा जिताडा त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. जाड दोरा सोडावा तर दात दोरा कापतात, ठेवावा तर चाल जाते, असा हा पेच आहे.

या पेचावर उतारा म्हणजे लूपची गाठ. दोऱ्याच्या टोकाला एक छोटी, उघडी कडी करायची आणि त्या कडीत नकली मासा लोंबता ठेवायचा. गाठ कडीच्या मानेवर घट्ट बसते. कडी मात्र मोकळी राहते. नाकाला काहीच आवळलेले नसल्याने मासा हवा तसा डुलतो. ही सुरगाठ नव्हे, कारण ओढल्याने ती सुटता कामा नये. हा फासही नव्हे, कारण ओढल्याने कडी आवळताही कामा नये. हीच ती तिसरी जात. येथे एक व्यावहारिक सूचना करतो. काही नकली माशांच्या नाकावर कारखान्यातूनच एक दुहेरी पिळाची धातूची रिंग बसवलेली येते. अशा रिंगेला साधी घट्ट गाठ मारली तरी चालते, कारण मोकळीक ती रिंगच देते. रिंग नसेल तेथे लूप हवाच.

आता ताकदीचा विचार करू. दोऱ्याला गाठ मारली की तो दुबळा होतो, हे कोणताही कोळी सांगेल. नुसती साधी गाठ दोऱ्याची जवळजवळ निम्मी ताकद खाऊन टाकते. असे का व्हावे? सरळ दोऱ्यावर ताण आला की त्याचा सगळा आडवा छेद सारखा भार उचलतो. दोरा झटकन वळवला की वळणाच्या बाहेरच्या अंगाला जास्त ताण आणि आतल्या अंगाला दाब, अशी विषम वाटणी होते. बाहेरचे अंग आधी थकते, आणि तेथून दोरा जातो. २००१ साली पोलंड आणि स्वित्झर्लंडमधील काही शास्त्रज्ञांनी नेमक्या याच प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी प्रयोगासाठी मासेमारीचा नायलॉन दोरा घेतला आणि त्याच्या जोडीला चक्क शिजवलेल्या शेवयांसारखी स्पॅगेटी! दोहोंना गाठी मारून त्या आवळल्या, तेव्हा दोरा गाठीच्या पोटात न तुटता गाठीच्या तोंडाशी, म्हणजे ताणलेला दोरा जेथे गाठीत शिरतो तेथे, तुटला. वळण तेथेच सर्वांत तीव्र असते.

यावरून चांगल्या गाठीचे लक्षण सहज निघते. ताणलेला दोरा गाठीत शिरल्याबरोबर एकदम वळता कामा नये. वळण येण्यापूर्वीच त्याचा भार थोडा थोडा उतरवून घेतला गेला पाहिजे. भार उतरवण्याचे हे काम वेढे करतात. रेवसच्या धक्क्यावर लाँच लागताना पाहिली असेल तर हे चटकन समजेल. खलाशी दोर खुंटाला दोन-तीन वेढे देतो आणि मोकळे टोक एका हाताने धरून ती एवढी थोरली बोट रोखतो. ही करामत त्याच्या मनगटाची नव्हे, घर्षणाची. प्रत्येक वेढ्यागणिक घर्षण बेरजेने न वाढता गुणाकाराने वाढते. दोर आणि खुंट यांमधला घर्षणाचा गुणांक पाव धरला, तर एका वेढ्याने सुमारे पाचपट ओढ पेलते, दोन वेढ्यांनी तेवीसपट, आणि तिसऱ्या वेढ्याला तोच आकडा शंभराच्या पलीकडे जातो. माझी गाठ का सुटली याचे उत्तर या हिशेबात आहे. मी वेढे दिले होते दोनच, आणि तेही एकमेकांना न चिकटलेले.

आता प्रत्यक्ष गाठीकडे वळतो. लूपच्या गाठी अनेक आहेत. अमेरिकेतील क्लिफर्ड अ‍ॅशले यांनी १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या गाठींच्या कोशात अडतीसशेहून अधिक नोंदी आहेत! आपल्याला त्यांपैकी एक नीट आली तरी पुरे. अमेरिकेतील प्रसिद्ध गळकरी लेफ्टी क्रे यांनी जिचा मोठा प्रसार केला ती न सरकणारी लूपची गाठ मी येथे सांगतो. मजबुती, सोपेपणा आणि माशाची मोकळीक या तिन्ही कसोट्यांना ती उतरते. वाचताना हाताशी बुटाची नाडी आणि एखादी किल्ली घेतल्यास बरे पडेल. किल्लीला नकली मासा समजावे.

पहिली पायरी. दोऱ्याच्या टोकापासून सुमारे एक वीत अंतरावर एक साधी गाठ घाला, पण आवळू नका. बोट जाईल एवढी उघडी ठेवा. हिला आपण पहिली गाठ म्हणू.

दुसरी पायरी. दोऱ्याचे मोकळे टोक नकली माशाच्या नाकातल्या कडीतून ओवून घ्या.

तिसरी पायरी. तेच टोक परत मागे आणून पहिल्या गाठीच्या उघड्या पोटातून घाला. येथे बहुतेकांची चूक होते. टोक पहिल्या गाठीतून ज्या बाजूने बाहेर पडलेले असते, त्याच बाजूने ते परत आत शिरले पाहिजे. उलट बाजूने घातले तर गाठ वाकडी बसते. आता पहिली गाठ हलकेच नाकाकडे सरकवा. लूप केवढा हवा ते येथेच ठरते. करंगळीच्या नखाएवढा पुरेसा होतो. मोठा ठेवला तर फेकताना गळाचा काटा त्यात अडकतो.

चौथी पायरी. आता मोकळे टोक मुख्य दोऱ्याभोवती एकाच दिशेने गुंडाळा. वेढे किती, ते दोऱ्याच्या जाडीवर अवलंबून आहे. तीन-चार किलो ताकदीच्या बारीक दोऱ्याला सात, पाच-सहा किलोच्या दोऱ्याला पाच, सात ते अठरा किलोपर्यंत चार, आणि त्याहून जाड दोऱ्याला तीन, असा सर्वसाधारण हिशेब आहे. दोरा जाड तर वेढे कमी, हे प्रथम उलटे वाटते. पण जाड दोरा राठ असतो. त्याचे पुष्कळ वेढे एकमेकांना बिलगून बसतच नाहीत, मध्ये फटी राहतात, आणि जोराचा झटका आला की त्या फटी एकदम मिटून गाठ सरकते.

पाचवी पायरी. वेढे झाल्यावर टोक पुन्हा पहिल्या गाठीच्या पोटातून, पूर्वीच्याच बाजूने, परत घाला. म्हणजे जेथून ते नाकाकडून आले होते त्याच दाराने ते आता माघारी जाते.

सहावी पायरी सर्वांत महत्त्वाची. गाठ ओली करा. थुंकी लावा किंवा खाडीच्या पाण्यात बुडवा. मग मोकळे टोक हळूहळू ओढा, म्हणजे वेढे एकापाठोपाठ एक, स्प्रिंगसारखे शिस्तीत बसतील. ते बसल्यावर एका हातात नकली मासा व दुसऱ्या हातात मुख्य दोरा धरून सावकाश, वाढत्या जोराने ताणा. हिसका देऊ नका. गाठ घट्ट झाल्यावर उरलेले टोक एक-दोन मिलिमीटर राखून कापा.

ओले करण्याचा आग्रह का, तेही सांगितले पाहिजे. कोरडा नायलॉन नायलॉनवर घासला की गरम होतो, आणि त्या घासण्याने दोऱ्याचा गुळगुळीत पृष्ठभाग खरवडला जातो. शिवाय कोरडे वेढे जेथल्या तेथे अडकतात. बाहेरून गाठ घट्ट दिसते, आत मात्र एक वेढा ताणलेला आणि एक सैल असतो. सगळा भार एकाच वेढ्यावर आला की ती गाठ गेलीच म्हणून समजावे. नायलॉन येण्यापूर्वी गळाच्या टोकाला रेशमाच्या किड्यापासून काढलेली तात वापरीत. ती तर आधी पाण्यात भिजवून मऊ केल्याशिवाय गाठ घेतच नसे. डोळ्याला न दिसणारा लीडर आपल्याला नायलॉनने दिला. कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञाने तो १९३५ साली अमेरिकेत तयार केला. दोरा बदलला, पण ओल्या बोटांची सवय मात्र पूर्वीचीच आहे. आबांना घर्षणाचे गणित येत नव्हते, परंतु गाठ तोंडात धरल्याशिवाय त्यांनी ती कधी आवळली नाही.

आणखी दोन गाठींचा नुसता उल्लेख करतो. रापालाच्या नावाने प्रसिद्ध असलेली गाठ वर सांगितलेल्या गाठीचीच चुलत बहीण आहे. तिला तीन वेढे असतात आणि पाचव्या पायरीनंतर टोक नव्याने तयार झालेल्या एका फटीतून आणखी एकदा ओवतात. दुसरी म्हणजे सर्जनची गाठ. दोरा दुमडून त्या दुहेरी दोऱ्यालाच साधी गाठ मारायची, पण टोक एकदाऐवजी दोनदा फिरवायचे. ती अंधारातही बांधता येते. मात्र ती जाडजूड होते, म्हणून लहान नकली माशाला शोभत नाही. आजकाल मिळणारा पॉलिथिलीनचा विणलेला दोरा फार निसरडा असतो. त्यात थेट लूप न घालता आधी नायलॉनचा लीडर जोडून लूप लीडरमध्ये घालणे बरे.

आपली गाठ कशी झाली हे मासा लागण्यापूर्वीच तपासता येते. मी घरी केलेला प्रयोग अगदी बिनखर्चाचा आहे. दोऱ्याचे वरचे टोक झोपाळ्याच्या कडीला चार-पाच वेढे देऊन बांधले, खाली लूपमध्ये बादली अडकवली आणि तांब्याने एकेक लिटर पाणी ओतत गेलो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वजनाचा काटाही लागत नाही. बादली जमिनीपासून चार बोटेच वर ठेवावी आणि पाय दूर ठेवावेत, हे अनुभवाने सांगतो! नुसती साधी गाठ मारलेला दोरा सर्वांत आधी तुटला, आणि शास्त्रज्ञांनी सांगितल्याप्रमाणे गाठीच्या तोंडाशीच तुटला. घाईने कोरडी आवळलेली लूपची गाठ तुटली नाही, हळूहळू सरकत सुटली. ओली करून सावकाश बसवलेली गाठ मात्र बादली काठोकाठ भरली तरी जागची हलली नाही.

दोरा गमावल्यावर त्याचे टोक पाहायला विसरू नये. टोक कुरळे असेल तर गाठ सरकून सुटली; दोष आपला. टोक आखूड, सरळ तुटलेले असेल तर दोरा गाठीच्या तोंडाशी तुटला. गाठ बदलावी किंवा नीट बसवावी. टोक आणि त्यामागचा दोरा खरबरीत, पिंजलेला असेल तर तो दातांनी किंवा खडकाने कापला. लीडर जाड घ्यावा. आणि एक मासा लागून गेल्यावर किंवा दगडात अडकून सुटल्यावर, गाठ शाबूत दिसली तरी कापून नवी बांधावी. वीतभर दोऱ्याची काटकसर येथे कामाची नाही.

गळाने मासा धरणे ही आपल्याकडची आजकालची गोष्ट नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या अनेक विनोदांबरोबर मत्स्यविनोदाचेही वर्णन आहे. त्यात माशांच्या जाती आहेत, त्यांना घालायचे खाद्य आहे आणि गळाचा खेळही आहे. तेव्हापासून काठ्या बदलल्या, दोरे बदलले, आमिषे बदलली. मासा आणि माणूस यांच्यामधला तो चिमूटभर दुवा मात्र अजून हातानेच बांधावा लागतो.

पुढच्या वर्षी मी पुन्हा त्याच उघाडीवर गेलो. या वेळी गाठ घरूनच बांधून नेली होती, आणि नकली माशाच्या गळांचे उलटे काटे पक्कडीने दाबून बोथट केले होते. म्हणजे दुर्दैवाने दोरा गेलाच तर माशाला गळ झटकता यावा. अंधार पडण्याच्या सुमारास एक जिताडा लागला. मागच्याएवढा थोर नव्हता. त्यानेही डोके झटकले, दोन वेळा खांबाकडे धाव घेतली, आणि अखेर बांधावर आला. आबांनी माशाकडे पाहिलेदेखील नाही. त्यांनी आधी लूप चिमटीत धरला, मानेवरून नख फिरवले, वेढे मोजले.

“चार,” ते म्हणाले, “बसलेत बरे.” आणि मग म्हणाले, “आता मासा बघू.”